बाच्या डोक्याचं माप

५ फेब्रुवारी १९६७, रविवार. नवापूर

ही वही नलूने दिली. नलू माझी धाकटी बहीण. सातवी झाली आणि घरातलं सगळं लिहिणं-वाचणं तिच्याकडे आलं. म्हणाली, तिकडचं रोज लिहून ठेव, आल्यावर आम्हाला वाचून दाखव. रोज लिहावं असं काही घडतं असा माझा अनुभव नाही. पण कामावर तासातासाला दाब आणि तापमान टिपायची सवय आहे, तेव्हा वही अगदी कोरी राहणार नाही.

गुरुवारी निघायचं. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून आम्हा दोघांना सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवत आहेत. एक सबनीससाहेब, नाशिकचे, इंजिनीअर, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. दुसरा मी, डिप्लोमावाला. आमच्या कोळीवाड्यातून विमानात बसणारा मी पहिलाच, त्यामुळे आज दिवसभर घरात माणसं होती आणि प्रत्येकाची काहीतरी मागणी होती. मावशीला नायलॉनची साडी. शेजारच्या राहीबाईला तिच्या जावयासाठी ट्रान्झिस्टर. चिंतू, माझा धाकटा भाऊ, बाबरोबर होडीवर जातो, त्याला पाण्यात चालणारं घड्याळ. नलूने काही मागितलं नाही. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, काहीही आण, पण तिकडच्या माणसाने हाताने केलेलं आण. बाजारातलं मुंबईला पण मिळतं.

बा ओट्यावर जाळं सांधत बसला होता. विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, "मला काय नको. हातपाय धड घेऊन ये."

आयला विचारायचं राहून गेलं. ती चुलीशी होती.

९ फेब्रुवारी. मुंबई, विमानतळ

बा बोईसर स्टेशनपर्यंत आला. मुंबईपर्यंत चल म्हटलं, तर ओहोटीची वेळ सांगितली. फलाटावर माझ्याशी फार बोलला नाही, सबनीससाहेबांशीच बोलला. त्यांना सांगत होता की पूर्वी समुद्रातून परत येताना देवळाची खूण धरायचो, आता तुमच्या केंद्राची भिंत आधी दिसते. सबनीस हसले. गाडी हलली तेव्हा माझा हात धरून म्हणाला, "तिकडचे लोक मासे कसे मारतात ते बघून ये. इजेचं तर शिकशीलच."

१९ फेब्रुवारी

पोचून आठवडा झाला. गाव लहान आहे, कॅलिफोर्नियाच्या पार उत्तरेला, समुद्राला लागून. इथलं केंद्र आमच्या केंद्राचा धाकटा भाऊ शोभेल. समुद्र मात्र ओळखीचा नाही. करडा, थंडगार, सकाळी दहापर्यंत धुक्यात. मी सगळे कपडे एकावर एक घालून धक्क्यावर जातो. बाने सांगितलंय म्हणून.

इथले मासेमार डोक्यावर लोकरीच्या जाड टोप्या घालतात, कान झाकले जातील अशा. आज पहाटे त्यांना बघताना बा आठवला. पौष महिन्यात तो डोक्याला पंचा गुंडाळून होडीवर चढतो आणि परत येतो तेव्हा त्याचे कान जांभळे असतात. आय गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकते.

ठरलं. बासाठी टोपी.

५ मार्च

रस्त्यावर एक भेटवस्तूंचं दुकान आहे. बाहेर 'हाताने बनवलेल्या स्थानिक वस्तू' अशी मोठी पाटी. लाकडी अस्वल, लाकडी बोट, टोप्या, सगळं होतं. एक टोपी जवळजवळ घेतलीच होती. सबनीससाहेबांनी तिच्या आतली चिठ्ठी उलटून दाखवली: जपान. अस्वलाच्या पोटाखालीही जपान. साहेब म्हणाले, "कमलाकांत, तुमच्या वडिलांच्या डोक्यावर निदान याच देशातली टोपी चढवा." बाहेर आल्यावरही हसत होते. मला राग आला नाही. साहेब थट्टेखोर आहेत, पण शिकवायला चांगले आहेत.

१७ मार्च

घरचं पत्र. नलूचं अक्षर, आणि तळाला नेहमीप्रमाणे बाची एक ओळ. बा चौथीपर्यंत शिकला. पत्राखाली पूर्ण नाव लिहायचं असं त्याला मास्तरांनी शिकवलं, ते तो मुलालाही लिहितो. "मासा बरा आहे. तू जेवत जा. आनंदा पांडू, नवापूर."

१९ मार्च

बाला चार पानं लिहिली. इथल्या होड्यांना इंजिन आहे, जाळं ओढायला फिरकी आहे, दोन माणसं चार जणांचं काम करतात. लिहिलं की शिडाची होडी आता विकून टाक, मी नोकरीला आहे, आपण इंजिनाची घेऊ. पत्र टाकल्यावर वाटलं, जरा जास्तच शहाणपणा केला. ती होडी त्याने स्वतः बांधून घेतलेली आहे.

८ एप्रिल, शनिवार

आज खूप मजा आली. मासेमारांच्या संघाच्या हॉलमध्ये चिंबोऱ्यांची पंगत होती. ताटाएवढ्या चिंबोऱ्या, नुसत्या उकडलेल्या. मीठसुद्धा जेमतेम. मी खिशातून आयने दिलेल्या मसाल्याची पुडी काढली तर टेबलावरचे सगळे चाखून बघायला लागले. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी तो मागत राहिला. इतका हसलो की पोट दुखलं.

तिथेच मिसेस हाल्मे भेटल्या. सत्तरीच्या असतील. लहानपणी फिनलंडहून आल्या, नवरा मासेमार होता. पंगतीत बसूनसुद्धा मांडीवर विणकाम चालूच. हॉलमधल्या निम्म्या टोप्या त्यांच्या हातच्या आहेत असं कळलं. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच, तुकड्या-तुकड्यांचं, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं छान समजतं. मी बासाठी टोपी मागितली. त्यांनी विचारलं, डोकं केवढं? मी हाताने दाखवलं. त्या म्हणाल्या, हवेत दाखवलेल्या डोक्याला मी विणत नाही. घरी कळवा, कपाळावरून दोरी फिरवून गाठ मारा आणि ती दोरी पाठवा.

सबनीससाहेबांनी फोटो काढला. माझ्या दोन्ही हातांत चिंबोऱ्या आहेत.

९ एप्रिल

घरी पत्र टाकलं. दोरीचं नीट समजावून लिहिलं: बाच्या कपाळावरून, कानांच्या वरून, मागे गाठ.

२४ एप्रिल

घरून काही नाही. सबनीससाहेबांना आज तारापूरच्या ऑफिसचं जाड पाकीट आलं. वाचलं, आणि दिवसभर गप्प. घरी सगळं ठीक ना विचारलं, तर हो म्हणाले. संध्याकाळी मला चित्रपटाला घेऊन गेले. तिकीट त्यांनीच काढलं. मध्येच माझ्याकडे बघत होते, चित्रपटाकडे नाही.

३ मे

पत्र आलं. दोरी नाही. बाची ओळही नाही. नलूने बोंबील किती सुकले ते लिहिलंय, चिंतूला ताप येऊन गेला ते लिहिलंय. तळाला तीन बोटं जागा सोडलेली आहे, बाच्या ओळीसाठी सोडते तशीच. तिथे काहीच नाही.

मी ओळखलं. इंजिनाचा राग. तो रागावला की बोलत नाही. लहानपणी मी शाळा बुडवली होती तेव्हा आठ दिवस बोलला नव्हता.

१४ मे

चर्चच्या बायकांनी हातच्या वस्तूंची जत्रा भरवली होती. नलूसाठी गोधडीच्या तुकड्यांची पिशवी घेतली. ज्या बाईने शिवली तिने कोणता तुकडा कुणाच्या कपड्याचा ते बोट ठेवून सांगितलं, मी ते एका कागदावर उतरवून पिशवीत ठेवलं. नलूला ते आवडेल. चिंतूला घड्याळ परवडणार नाही, त्याच्यासाठी इथल्या लोहाराने घडवलेली मासे कापायची सुरी, मुठीला हरणाचं शिंग. मावशी आणि राहीबाई नाराज होणार हे धरून चाललोय.

आयसाठी काय घ्यावं सुचत नाही. तिला काय आवडतं असं मनाशी विचारलं आणि उत्तर आलं नाही, याची लाज वाटली. ती कधी काही मागत नाही. मुंबईला साडी घेईन.

सबनीससाहेब बरोबर होते. पूर्वीसारखी थट्टा करत नाहीत. सुरी त्यांनी निवडून दिली.

२६ मे

दोरी आली. जाळ्याचा जाड दोरा, गाठ मारलेला. नलूने एवढंच लिहिलंय: "सोबत दोरी आहे. माप आयने घेतलं." बाची ओळ नाही. खालची जागा या वेळी सोडलेली नाही, तिने शेवटपर्यंत भरून लिहिलं आहे.

माप द्यायला बसला, म्हणजे राग थोडा उतरला असावा.

२८ मे

मिसेस हाल्मेंनी दोरी टेपवर धरली. म्हणाल्या, पुरुषाच्या मानाने लहान आहे. मलाही वाटलं. मी म्हटलं, वय झालं की माणूस वाळतो, तुम्ही थोडी सैल विणा. त्यांनी मान हलवली. "घरच्या माणसाने हाताने घेतलेलं माप चुकत नाही. मी दोरीचं ऐकणार."

सबनीससाहेबांना दोरी दाखवली. त्यांनी हातात घेतली, बराच वेळ धरून ठेवली, आणि मग खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांना घरची आठवण फार येते, पण बोलत नाहीत.

१८ जून

रविवारी दुपारी मिसेस हाल्मेंकडे जातो. त्या विणतात, मी बसतो. लोकर त्या पुरती धुवत नाहीत, मेंढीचं तेल तिच्यात राहू देतात, मग पाणी आत शिरत नाही. त्या बाबद्दल विचारत असतात. विणताना माणूस माहीत हवा म्हणतात. मी सांगतो: उंची बेताची, मिशी, उजव्या हाताचं एक बोट वाकडं, देवाला नारळ देताना डोळे मिटत नाही, समुद्राकडे बघत राहतो. सांगता सांगता लक्षात आलं की एवढं मी बाबद्दल कधी कुणाशी बोललो नव्हतो. त्याच्याशी तर नाहीच.

त्यांनी मध्येच विचारलं, आणि आईला काय नेणार? मी म्हटलं, तिला काही लागत नाही. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विणत राहिल्या.

२ जुलै

पुन्हा पत्र, पुन्हा बाची ओळ नाही. आता मात्र मला राग आला. पाच महिने मुलगा लांब आहे आणि एका इंजिनापायी माणूस चार शब्द लिहीत नाही. रागाच्या भरात घरी लिहिलं की बाला सांगा, होडी तुझी, तू ठरव, मी पुन्हा काही बोलणार नाही. सबनीससाहेबांनी पत्र टाकायला मागितलं. ते पोस्टाकडेच निघाले होते.

६ ऑगस्ट

टोपी झाली. गडद निळी, कडेला एकच पांढरी रेघ. हातात जड लागते. मिसेस हाल्मे दारापर्यंत आल्या. या देशात निरोप घेताना मिठी मारतात, मी वाकून नमस्कार केला, त्या गोंधळल्या आणि मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो बरोबर आमच्याकडे ठेवतात तसाच.

१७ ऑगस्ट, गुरुवार. मुंबई

सकाळी उतरलो. गाडीला वेळ होता म्हणून आयसाठी साडी घ्यायला गेलो. सबनीससाहेब सोबत. ते सारखे म्हणत होते, गडद नको, फिकी बघ, राखाडी बघ. मी हिरवी घेतली, जरीच्या काठाची. आयला हिरवा शोभतो. साहेबांना बायकांच्या कपड्यांतलं काही कळत नाही.

बोईसरला उतरून ते आपल्या क्वार्टरवर जाणार होते, आता म्हणतात मी नवापूरपर्यंत येतो. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत.

३ सप्टेंबर, रविवार. नवापूर

सतरा दिवस वही उघडली नाही.

आय दारात उभी होती. मी आधी तिचे हात पाहिले, मग कपाळ. पिशवी खाली ठेवली का हातातच होती ते आठवत नाही. चिंतू पुढे झाला. सबनीससाहेब मागे उभे होते, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात ठेवल्यावर मला कळलं की त्यांना सगळं माहीत होतं.

आठ एप्रिलची सकाळ. होडी वर ओढताना छातीत कळ आली, वाळूतच बसला. बैलगाडी जुंपेपर्यंत संपलं होतं.

आयने ऑफिसात पत्र पाठवलं होतं, साहेबांच्या नावाने, नलूकडून लिहून, खाली स्वतःचा अंगठा. पोराचं शिक्षण पुरं होऊ द्या, त्याला सांगू नका, तुम्हाला माझ्या कुंकवाची आण. कुंकू गेल्यानंतर लिहिलेलं पत्र. साहेबांनी मला ते दाखवलं. चार महिने त्यांनी ते ऑफिसच्या त्या जाड पाकिटात जपून ठेवलं होतं, आणि जुलैतलं माझं रागाचं पत्रही, न टाकलेलं.

मी कुणाशी बोलत नाही. रडूही येत नाही. ड्यूटीवर जातो, आकडे लिहितो, येतो.

१० सप्टेंबर

आज ही वही मागे उलटली. आठ एप्रिलची इथली सकाळ म्हणजे तिथली सात एप्रिलची संध्याकाळ. सातला मी काहीच लिहिलेलं नाही. त्या संध्याकाळी मी कुठे होतो, काय करत होतो, मला कधीच कळणार नाही. आठला चिंबोऱ्या आहेत. इतका हसलो की पोट दुखलं, असं माझ्याच अक्षरात आहे. त्या वेळी इकडे सगळं उरकलं होतं. खांदा चिंतूने दिला, अग्नी त्यानेच दिला. थोरला मुलगा हातात चिंबोऱ्या धरून फोटो काढून घेत होता.

नलूला मी बोललो. तू चार महिने मला फसवलंस असं बोललो. नंतर तिची पत्रं पुन्हा काढून वाचली. तिने एकही खोटी ओळ लिहिलेली नाही. कुठेही 'बा बरा आहे' असं नाही. बोंबील आहेत, ताप आहे, पाऊस आहे, बा नाही.

१ ऑक्टोबर

आज भेटी काढल्या. इतके दिवस पेटी कुलपातच होती. चिंतूने सुरी बोटावर घासून पाहिली. नलू पिशवीतल्या कागदावरचं वाचत बसली, कोणता तुकडा कुणाचा ते. हिरवी साडी मी लपवली होती, आयने ती शोधून काढून नलूच्या मांडीवर ठेवली आणि विषय संपवला. राहीबाई ट्रान्झिस्टरचं विचारायला आली होती, आमची तोंडं बघून न विचारताच गेली.

शेवटी टोपी बाहेर काढली. मग चिंतूलाच मी विचारलं, जे विचारायची इतके दिवस भीती वाटत होती. माझं इंजिनाचं पत्र बाने वाचलं होतं का?

चिंतू म्हणाला, "तीनदा वाचलं. मग सातपाटीला गेला."

"कशाला?"

"तिकडं इंजिनाच्या होड्या हायत ना. एकीवर बसून खाडीबाहेर फेरी मारून आला. येताना गावभर सांगत आला, माजा कमळू सांगतो तसंच हाय."

ते पाच एप्रिल. तीन दिवस आधी.

मी उठून बाहेर गेलो. बोंबील सुकवायच्या बांबूंपाशी बराच वेळ उभा होतो. सगळं मोकळं होतं, हंगाम अजून लागायचा आहे. तिथे पहिल्यांदा रडू आलं.

२ ऑक्टोबर

दोरीचंही आज विचारलं. नलूने सांगितलं. दोरीचं पत्र आलं तेव्हा दहावा नुकताच झाला होता. तिने वाचून दाखवलं आणि कुणाला काय करावं सुचेना. चिंतू म्हणाला, माझं माप पाठवू. आय नको म्हणाली. तीन आठवडे तसंच पडून होतं. मग एक दिवस आयने दोरा घेतला, स्वतःच्याच डोक्याभोवती फिरवला, गाठ मारली आणि म्हणाली, घाल पाकिटात.

मी आयला विचारलं, असं का केलंस?

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तू एवढ्या लांबून मागितलंस. घरातून काय तरी जायला पायजे होतं." मग म्हणाली, "चिंतूच्या मापाची आली असती तर त्यो बापाची टोपी घालून होडीवर गेला असता. ते माज्यानं बघवलं नसतं."

म्हणजे मिसेस हाल्मेंनी दोरीचं ऐकलं ते बरोबरच केलं.

१७ डिसेंबर, रविवार

थंडी पडली आहे. बोंबील भरपूर. आय पहाटे किनाऱ्यावर जाते, टोपलीभर आणून बांबूंवर घालते. आठवडा झाला, ती टोपी घालते. कानांवर टोपी, वर पदर, त्यावर चुंबळ आणि टोपली. पहिल्या दिवशी बायका हसल्या. ठमी आत्याने विचारलं, वहिनी, हे काय मडमेचं सोंग? आय म्हणाली, कान गरम ऱ्हातात, तुला घालून बघायची हाय का? ठमी आत्याने घातली. मग तिथल्या सगळ्यांनी एकेकदा घालून बघितली.

काल मिसेस हाल्मेंचं पत्र आलं. नाताळचं. टोपी वडिलांना बसली का, आणि लोकर गरम पाण्यात धुवू नका असं सांगा. आज सुट्टी, म्हणून उत्तर लिहायला बसलो. आय शेजारी मासे साफ करत होती. काय लिहितोस विचारलं. मी खरं सांगितलं, बाचं कळवतोय म्हणून.

ती म्हणाली, "कशाला? बाय म्हातारी हाय, एकटी हाय. टोपी बसली एवढं लिव."

मी चिडलो. चार महिने जे पोटात होतं ते बाहेर आलं. तुला सगळ्यांपासून लपवायचंच असतं, मी म्हटलं. तिने ती टोपी बासाठी विणली, बा कसा होता ते विचारून विचारून विणली. तिला कळायला नको? मला कळायला नको होतं?

आयने हात धुतले. माझ्यासमोर येऊन बसली. आल्यापासून एवढी समोर ती बसली नव्हती.

"तुला कळवलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"आलो असतो."

"किती दिवसांनी?"

मी हिशेब केला. परवानगी, तिकीट, विमान. आठ-दहा दिवस तरी.

"दहा दिवस एकटा रडत आला असतास. वाटेत कुनी नाय. इथं आलास तवा आमी तिघं होतो, साहेब होता." तिने पदराने तोंड पुसलं. "मी चुकली असंल. मला दुसरं सुचलं नाय."

आमच्या घरात चुकले असं कुणी कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही. मी लिहिलेला कागद पुढे केला. तिला वाचता येत नाही, तरी तिने तो हातात घेतला.

"तिला कळव," ती म्हणाली. "पन एकदम पयल्या ओळीत नको. पयले टोपीचं लिव, बसते म्हनून. माज्या डोक्याला बसते असं लिव. मग बाचं लिव. मग शेवटी बोंबलाचं लिव, थंडीचं लिव, म्हंजे पत्र संपताना तिला दुसरं काय तरी वाचायला असंल."

मी दुसरा कागद घेतला. ती सांगेल तसं लिहिलं. टोपी, मग ती एक ओळ, मग बोंबील कसे सुकवतात ते, आणि इथल्या पहाटेची थंडी तिथल्या उन्हाळ्याएवढीच असते ते. शेवटी आयच्या वतीने नमस्कार. चिंतू उद्या सातपाटीला जाणार आहे इंजिनाचं बोलायला, तेही लिहिलं.

आय म्हणाली, "मधली ओळ कशी लिवली ती वाच."

इंग्रजीत होती. मी मराठीत सांगितली: "माझे वडील आठ एप्रिलला गेले."

तिने मान हलवली. म्हणाली, "बराबर हाय." आणि पाट घेऊन पुन्हा माशांशी बसली.

पाकीट बंद केलं आहे. उद्या ड्यूटीला जाताना बोईसरला टाकीन.